लहान धंद्याचे बातमीपत्र : गिऱ्हाइकाला लिहावे कसे?

कामगार संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहिल्यावर महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा गेला बाजार एखादा गाजलेला संप यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र पापड-कुरडया विकण्यासाठी लिहावयाच्या ई-मेलवर बोलणार आहोत. पत्रिकेवरचा विषय पाहून आमचे काही जुने सहकारी हसले. 'नेते आता जाहिरातवाले झाले,' असेही कोणी म्हणाले. तेव्हा हा विषय आमच्याकडे कसा आला ते आधी सांगणे बरे.

२०१३ साली आमच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला. कामगारांची देणी न्यायालयात अडकली. न्यायालयाची तारीख आणि घरातली चूल यांची गाठ कधी पडत नाही, हे कामगाराला सांगावे लागत नाही. पुरुषमंडळी तारखांना जात राहिली आणि घरे चालविली ती बायकांनी. त्यांतल्या अकराजणींनी गट करून वाळवणाचे काम सुरू केले. नागलीचे पापड, गव्हाच्या कुरडया, बाजरीच्या खारोड्या, सांडगी मिरची. माल उत्तम होता. पण दुकानदार माल ठेवून घेत आणि पैशांसाठी दोन-दोन महिने फेऱ्या मारायला लावीत. खरे गिऱ्हाईक त्या दुकानांत येतच नव्हते. ते होते पुण्यात, बंगळुरात आणि त्याही पलीकडे. ज्यांच्या आया हे सारे घरच्या गच्चीवर करीत असत आणि ज्यांना आता गच्चीच उरलेली नाही, अशी ती माणसे. त्यांच्यापर्यंत पोचायचे कसे? एक वहिनी म्हणाल्या, "भाऊ, गेटवर वाटायची पत्रके तुम्हीच लिहिता ना? मग आमचेही एक लिहा की."

आम्ही होय म्हटले. शाळा दहावीला सुटलेली, पुढचे सारे शिक्षण नगरपालिकेच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झालेले. पत्रक लिहिणे तेवढे येत होते. ई-मेल लिहिणे म्हणजे पत्रकच, फक्त कागद नाही, अशी आमची समजूत होती. ती अर्धी खरी निघाली आणि अर्धी चांगलीच महागात पडली.

धंद्याने गिऱ्हाइकाला ठरावीक काळाने पत्र लिहावे, त्यात मालाची माहिती असावी आणि त्याबरोबर वाचण्याजोगे दुसरेही काही असावे, ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. ती कारखान्याची खबर सांगणारी पत्रिका होती. पुढे नावातला 'खबर' शब्द गळून गेला आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतले एक मातबर मासिक झाले. लोखंडी नांगर करणाऱ्यांच्या कारखान्यातून वाङ्मय निघाले, ही गोष्ट आम्हांला नेहमीच मोठी गमतीची वाटत आली आहे. अमेरिकेत नांगराच्याच एका कारखानदाराने, जॉन डिअर कंपनीने, १८९५ सालापासून शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचे नियतकालिक चालविले. दोन्हीकडे धोरण एकच दिसते. आधी वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काही द्यावे, मग आपला माल सांगावा. आज ज्याला न्यूजलेटर म्हणतात ते हेच, फक्त टपालहशील वाचलेले.

ते हशील वाचले हाच मात्र अनर्थाचा आरंभ होय. संगणकांच्या जाळ्यातून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिले पत्र १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने पाठविले. पत्त्यातले ते वेटोळ्याचे चिन्हही त्याचेच. त्यानंतर सातच वर्षांनी, १९७८ च्या मे महिन्यात, डीईसी या संगणक कंपनीच्या एका विक्रेत्याने कोणालाही न विचारता सुमारे चारशे पत्त्यांवर आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात धाडली. त्यावर तक्रारींचा गदारोळ झाला. न मागितलेल्या जाहिरातीच्या पत्राला आज आपण 'स्पॅम' म्हणतो. त्या कुळाचा मूळ पुरुष म्हणून याच पत्राकडे बोट दाखवितात. कागदाच्या पत्रकाला छपाई लागते, वाटायला माणसे लागतात, म्हणून लिहिणारा दोनदा विचार करतो. जिथे हजार प्रती काढायला एका प्रतीइतकाच खर्च, तिथे विचार करण्याचे कारणच उरत नाही. लिहिणाराच्या खिशाला झळ लागत नाही आणि सारी झळ वाचणाराच्या वेळेला लागते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

येथे एक शंका रास्त आहे. आजकाल सारा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो, मग ई-मेल हवेच कशाला? आमच्या गटाच्या मागण्याही बहुतांशी व्हॉट्सॲपवरच येतात, हे आम्ही लपवीत नाही. परंतु तिथे सांगितलेली गोष्ट तासाभरात सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली जाते. फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर तुमचे म्हणणे किती जणांना दाखवायचे हे ती कंपनी ठरविते. उद्या तिने धोरण बदलले की तुमचे दुकान रस्त्यावरून गल्लीत जाते. ई-मेलच्या पत्त्यांची यादी मात्र तुमची असते. पत्र पाठविण्याची सेवा एका कंपनीची पसंत पडली नाही तर यादी उचलून दुसरीकडे जाता येते. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर अवजार आपल्या मालकीचे राहते. शिवाय ई-मेल पडून राहू शकते. रात्रीचे जेवण आटोपल्यावर माणूस ते निवांत उघडतो, आणि लांब मजकूर वाचायला तेवढी सवड पुष्कळ झाली.

आता यादीविषयी. इथे आमची पहिली चूक सांगितली पाहिजे.

गटाकडे स्वतःचे पत्ते फार थोडे होते. आमच्याकडे मात्र युनियनच्या सभासदांचे पत्ते होते. सभेच्या सूचना पाठविता याव्यात म्हणून सभासदांनी ते विश्वासाने दिलेले. आम्ही विचार केला की ही आपलीच माणसे, आपल्याच बहिणींचा धंदा, यात गैर ते काय? आणि सगळ्यांना पापडाचे पत्र धाडले. त्यातही अज्ञान असे की सगळे पत्ते 'प्रति' या रकान्यात उघडे टाकले. म्हणजे प्रत्येकाला इतर सगळ्यांचे पत्ते दिसले. एकाने 'सर्वांस उत्तर' असा खटका दाबून आपल्या फंडाच्या अडचणीचे गाऱ्हाणे लिहिले, आणि ते घरोघर पोचले. पुढच्या सभेत एक फिटर उभा राहिला. आवाज न चढविता म्हणाला, "साहेब, व्यवस्थापनाने आमचे पत्ते कोणाला दिले असते तर तुम्ही गेटवर सभा घेतली असती." आम्हांला उत्तर नव्हते. तीस वर्षांत अनेक सभांत आमच्यावर टीका झाली आहे, पण त्या दिवसाइतकी मान खाली गेलेली आठवत नाही. सभेतच माफी मागितली आणि ती यादी पुसून टाकली.

तेव्हापासूनचा नियम असा, की ज्याने 'पापडाविषयीची पत्रे मला पाठवा' असे स्वतः म्हटले, त्यालाच पाठवायची. माणसाने पत्ता दुसऱ्या कामासाठी दिला असेल तर तो या कामासाठी दिला असे होत नाही. बाजारात पत्त्यांच्या तयार याद्या विकत मिळतात. त्या घेऊ नयेत, कारण त्या यादीतल्या एकानेही तुम्हांला काही विचारलेले नसते. प्रदर्शनात, जत्रेत टेबलावर वही ठेवावी आणि वर स्वच्छ लिहावे की महिन्यातून एक पत्र येईल. मग त्या पत्त्यावर पहिले छोटे पत्र धाडावे. 'आपणच नाव नोंदविले असल्यास येथे दाबा,' एवढेच त्यात असावे. जो दाबील तोच यादीत. यात काही नावे गळतात. गळू द्यावीत. वहीत अक्षर न लागलेले पत्ते आणि गंमत म्हणून दुसऱ्याचा पत्ता लिहिणारे महाभाग त्याबरोबर गळतात.

हा नुसता शिष्टाचार राहिलेला नाही. अमेरिकेने २००३ साली कायदा करून व्यापारी ई-पत्रात खोटी विषयाची ओळ घालण्यास बंदी केली, पाठविणाराचा टपालाचा पत्ता देणे आणि पत्र बंद करण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले. युरोपात २०१८ पासून लागू झालेला कायदा त्याहून कडक आहे. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले आणि त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. त्यातले एक तत्त्व आम्हांला फार पटले. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. युनियनच्या घटनेत राजीनाम्याचे कलम असते तसेच हे.

संमतीने गोळा केलेल्या पत्त्यांवर पाठविलेले पत्रही पोचेलच असे नाही. पत्र जीमेलच्या दारी गेले म्हणजे तिथला पहारेकरी तीन गोष्टी तपासतो. त्यांची नावे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी भयंकर आहेत, पण अर्थ सरळ आहे. आमच्या पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव असे. ते नसेल तर पोलीस आधी पत्रक जप्त करीत आणि मजकूर मागाहून वाचीत. तसेच हे. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने पत्र टाकण्याची परवानगी कोणकोणत्या यंत्रांना आहे त्यांची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर. वाटेत कोणी मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि या दोन्ही तपासण्यांत पत्र नापास झाले तर त्याचे काय करावे, ही तुम्ही आधीच देऊन ठेवलेली सूचना म्हणजे डीमार्क. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर धाडणाऱ्यांना गूगलने २०२४ च्या फेब्रुवारीपासून या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या, आणि एका खटक्यात नाव कमी करण्याची सोयही. 'हे स्पॅम आहे' अशी तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण हजारी तीनपर्यंत कधीच जाऊ नये, अशीही अट घातली. लहान धंदा पाच हजारांच्या आसपासही जात नाही. तरी दक्षता म्हणून हे सारे करून ठेवावे. त्यासाठी स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे लागते आणि त्याचा वार्षिक खर्च एका कुटुंबाच्या एका दिवसाच्या सिनेमाइतका येतो. जुळणी करायला कॉलेजातला कोणी भाचा-पुतण्या पुरतो. आम्हांलाही तोच पुरला.

एक सूचना मात्र मराठी लिहिणारांसाठी मुद्दाम करतो. छापखान्यात वापरीत त्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर ई-मेलमध्ये चिकटविला तर वाचणाऱ्याच्या पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी उमटते. आमचे दुसरे पत्र असे गेले. नगरच्या एका काकूंनी काळजीने फोन केला की तुमचे यंत्र कोणी फोडले की काय! मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. आणि सगळा मजकूर एका मोठ्या चित्रात बसवून ते चित्र धाडण्याची जी पद्धत पडली आहे ती टाकावी. चित्र उघडले नाही तर पत्र कोरे, आणि दृष्टी अधू असलेल्यांना यंत्र जे वाचून दाखविते त्याला तर चित्रातली अक्षरे बहुधा लागतच नाहीत.

एवढी बैठक झाल्यावर लिहिण्याकडे वळू. आमचे पहिले पत्र असे होते :

'महोदय, सविनय कळविण्यात येते की आमच्या गटाने दर्जेदार, रुचकर, आरोग्यदायी व पारंपरिक पद्धतीने तयार केलेली विविध उन्हाळी वाळवणे माफक दरात उपलब्ध करून दिली असून सर्वांनी या सुवर्णसंधीचा लाभ घ्यावा, ही विनंती.'

यात पाचसहा विशेषणे आहेत आणि माहिती एकही नाही. माफक म्हणजे किती? विविध म्हणजे काय काय? पारंपरिक म्हणजे कोणाची परंपरा? हे पत्र आम्ही फार अभिमानाने गटाला वाचून दाखविले. सगळ्याजणी अदबीने गप्प राहिल्या. मग गटातल्या सर्वांत वडील मावशी हळूच म्हणाल्या, "चांगलंय. पण हे कोणी कोणाला बोललंय, ते कळंना." आम्ही विचारले, तुम्ही कसे सांगाल? त्या म्हणाल्या, "मी सांगीन, गहू तीन दिवस भिजत घालतो. रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, चीक गाळून रातभर बसू द्यायचा. पहाटे चारला चूल पेटवतो, कारण चीक शिजवून उन्हं वर यायच्या आत सगळ्या कुरडया गच्चीवर पडल्या पाहिजेत. नाहीतर दिवसाचं ऊन पुरत नाही." आम्ही पेन्सिल काढली आणि ते तसेच्या तसे टिपून घेतले. तेच पत्र झाले. त्याखाली पाकिटाचे वजन, किंमत, आणि 'मागणी या तारखेपर्यंत नोंदवा' एवढी एक ओळ.

त्या पत्राला जी उत्तरे आली त्यांत मागण्या होत्याच, पण आठवणीही होत्या. एकाने लिहिले की लहानपणी चीक खाण्यासाठी पहाटे उठून बसत असू. दुसऱ्या बाईंनी विचारले की गुळाबरोबर की दुधाबरोबर? पुढचे पत्र या प्रश्नावरच लिहिले. मराठवाड्यात एक आणि खानदेशात दुसरे अशी मते आली आणि थोडे भांडणही जुंपले. पत्र दोन बाजूंनी चालू लागले म्हणजे लिहिणाराला विषय शोधावा लागत नाही.

पत्र एका माणसाला लिहावे. यादीत चारशे नावे असली तरी प्रत्येकजण ते एकटाच वाचतो. 'सर्व मान्यवर ग्राहकांना' असा आरंभ केला की वाचणाऱ्याला आपण गर्दीत उभे असल्याचा भास होतो, आणि गर्दीतला माणूस उत्तर देत नाही. आम्ही लिहिताना बंगळुरातल्या एका ठरावीक बाईंना डोळ्यांसमोर ठेवतो. त्यांना हे ठाऊक नाही.

विषयाची ओळ हा पत्राचा उंबरठा. मोबाइलच्या पडद्यावर तिचे सुरुवातीचे पाचसहा शब्दच दिसतात. तेव्हा 'मार्च महिन्याचे बातमीपत्र, अंक चौथा' यात ते शब्द वाया जातात. 'खूशखबर! धमाका! शेवटची संधी!' यात शब्दांबरोबर अब्रूही जाते. 'गहू आज भिजत घातला' ही आमची आजवरची सर्वांत चांगली ओळ. ती खरी होती आणि तिच्यात पुढे काय होणार याची उत्सुकता होती. विषयाखाली फिकट अक्षरांत पत्राची पहिली ओळही दिसते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तिथे 'हे पत्र नीट दिसत नसल्यास येथे दाबा' असले काही राहिले तर उंबरठ्यावरच केर. आणि पाठविणाराच्या जागी नुसते 'माहिती विभाग' न घालता माणसाचे किंवा गटाचे नाव घालावे, आणि तेच कायम ठेवावे. लोक आधी कोणाचे पत्र आले ते पाहतात, काय लिहिले ते मग.

एका पत्रात एकच काम सांगावे. आमची संघटनेतली जुनी खोड अशी की एका पत्रकात बारा मागण्या. कामगार ते गेटपासून बसपर्यंतच्या वाटेत वाचतो. त्याला एकही मागणी आठवत नाही, फक्त आपण रागावलेले आहोत एवढे कळते. पापड, मिरची, मसाला, दिवाळीची आगाऊ नोंदणी आणि प्रदर्शनाचे आमंत्रण हे सारे एका पत्रात कोंबले की वाचणारा 'सावकाश पाहू' म्हणून बाजूला ठेवतो, आणि सावकाश कधी येत नाही.

खोटी घाई लावू नये. 'शेवटची दहा पाकिटे' असे लिहायचे तर पाकिटे दहाच असली पाहिजेत. ज्याने अकरावे मागितले आणि त्याला ते मिळाले, त्याने तुमचे पुढचे एकही वाक्य खरे का मानावे?

अलीकडे यंत्राकडून पत्र लिहून घेण्याची सोय झाली आहे. आमच्या भाच्याने ती करून दाखविली. 'सोनेरी उन्हाच्या कुशीत जन्मलेली चव' असे काहीसे निघाले. बायका पुष्कळ हसल्या. एकीने विचारले, "यानं चुलीचा धूर खाल्लाय का कधी?" शुद्धलेखन तपासायला ते यंत्र उत्तम आहे आणि आम्ही ते त्या कामाला ठेवले आहे.

आता गटात खरा वाद झाला त्या पत्राविषयी. २०२३ च्या एप्रिलात नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. द्राक्ष-कांद्याचे नुकसान वर्तमानपत्रांत आले. गच्चीवरच्या कुरडयांचे कोण छापणार? आगाऊ मागण्या घेतलेल्या, पैसे आलेले, आणि दोन दिवसांचा माल भिजून आंबलेला. एक मत पडले की बाहेरून तयार कुरडया घेऊन आपल्या पाकिटांत भराव्यात, कोणाला कळणार नाही. धंद्यात हे चालते आणि सांगणारी बाई काही लबाड नव्हती. तिच्या मुलाची फी त्या पैशांतून भरली गेली होती. दुसरे मत, काही लिहूच नये, उशिरा का होईना माल द्यावा. आम्ही म्हटले, लिहावे, आणि आजच लिहावे. संध्याकाळपर्यंत वाद चालला. अखेर पत्र गेले. विषयाची ओळ होती, 'कुरडया भिजल्या'. आत, काय झाले, किती माल गेला, नवा माल केव्हा होईल, आणि ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांचे पैसे आठ दिवसांत परत करू. काहींनी पैसे परत मागितले. ते देताना गटाची शिल्लक जवळजवळ संपली, हे सांगितले पाहिजे. सचोटीला रोख बक्षीस मिळते अशी कथा आम्ही सांगत नाही. बहुतेकजण मात्र थांबले, आणि मे महिन्यात पाकिटे गेल्यावर 'या वेळी पाऊस नाही ना?' अशी विचारपूस करणारी पत्रे आली.

याहून अवघड पत्र पुढे लिहावे लागले. गिऱ्हाईक 'हाताने केलेले' या शब्दाला भुलते, पण त्या हातांना काय मिळते हे कोणी छापीत नाही. संघटनेच्या माणसाला ही गोष्ट सलणारच. आमच्या आग्रहावरून एका पत्रात पाकिटाच्या किमतीचा हिशेब दिला. गहू किती, इंधन किती, पाकीट आणि टपाल किती, करणारीच्या हाती किती. चार दिवसांनी पुण्याहून एका बाईंचे उत्तर आले. 'हिशेब कळला. पण करणारीच्या वाट्याचे एवढेच? तास किती लागतात?' तास कोणी मोजलेच नव्हते. भिजवण, पाणी बदलणे, राखण हे काम आहे असे गटातही कोणाला वाटत नव्हते. आठवडाभर वहीत तास लिहिले, तेव्हा दिसले की स्वतःच्याच धंद्यात त्या स्वतःला अशी मजुरी देत होत्या, की तशी दुसऱ्या कोणी दिली असती तर आम्ही त्याच्या दारात मोर्चा नेला असता. किंमत वाढवावी लागली. वाढ का केली ते पुढच्या पत्रात तासांसकट लिहिले. काही गिऱ्हाइके सुटली. सुटली ती सुटली.

पत्राचा परिणाम मोजावा कसा, याबद्दल थोडके सांगतो. पत्रे धाडण्याच्या सेवा 'इतक्या जणांनी पत्र उघडले' असा आकडा देतात. पत्रात डोळ्यांना न दिसणारे एक टिंबाएवढे चित्र असते. ते मागविले गेले की पत्र उघडले असे मोजतात. २०२१ पासून ॲपलच्या फोनमध्ये अशी सोय झाली की ती चालू असल्यास माणसाने पत्र उघडो न उघडो, चित्रे आधीच मागवून ठेवली जातात. म्हणून तो आकडा फुगलेला असतो. त्यावर विसंबू नये. किती जणांनी उत्तर लिहिले, किती मागण्या आल्या, किती जणांनी नाव कमी केले, हे तीन आकडे वहीत लिहावेत. नाव कमी करणाऱ्याचा राग मानू नये. ती वाट लपवून ठेवली तर तो 'स्पॅम' असा शिक्का मारतो, आणि तो शिक्का इतरांच्या दारीही तुम्हांला अडवितो.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले. त्यांची उत्तरे या संग्रहासाठी लिहून ठेवतो.

एका गृहस्थांचे किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक सारे गल्लीतले, रोज दारात येणारे. त्यांनी विचारले की मला याचा काय उपयोग? आम्ही म्हटले, काही नाही. तुम्ही गल्ल्यावर बसून जे बोलता तेच तुमचे बातमीपत्र आहे.

दुसरा प्रश्न एका ताईंचा. त्या गोधड्या शिवतात आणि वर्षातून दोन प्रदर्शनांत विकतात. यादीत किती नावे झाल्यावर पत्र सुरू करावे? आम्ही विचारले, आज गोधडी नेलेल्यांपैकी किती जणांचे पत्ते आहेत? म्हणाल्या, सत्तावीस. त्या सत्तावीस जणांना आधी विचारा, की पत्र पाठविले तर चालेल का. जितके होय म्हणतील तितक्यांना, सध्या हाती असलेल्या गोधडीत कोणाकोणाची लुगडी आहेत तेवढे लिहून पाठवा. नावाशिवाय, कोणत्या गावचे आणि किती जुने, एवढेच. छायाचित्र एक पुरे. आणि खाली तुमच्या घरचा टपालाचा पत्ता देण्याचा संकोच वाटत असेल तर टपाल कचेरीत पेटी भाड्याने मिळते का ते पाहा.